आठ मुली, पाच बक्षिसं

बोपदेववाली

काल आमच्या सायकल ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं: 'पुणे ग्रँड टूर ही मोठी सायकल शर्यत फक्त पुरुषांचीच का, म्हणून गळे काढणाऱ्यांनी आधी स्टार्टला मुली आणून दाखवाव्यात. जिल्ह्याच्या शर्यतीला आठ मुली येतात आणि पाच बक्षिसं घेऊन जातात. खरा दम असेल तर पुरुषांच्या बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात, धावा.' खाली बावीस अंगठे. त्यातले चौघं दर रविवारी माझ्याबरोबर बोपदेव घाट चढतात, आणि त्यातल्या दोघांची मी वर टपरीवर चहा संपेपर्यंत वाट बघते, ते सोडा.

तिथे उत्तर लिहिलं तर 'ताई, ग्रुपवर फक्त राइडबद्दल बोलू या' असा हात जोडलेला मेसेज आला. म्हणून इथे.

आठच का येतात ते सांगते. काही वर्षांपूर्वीची एक निवड शर्यत, एप्रिल महिना. रिपोर्टिंग पहाटे साडेपाच. आधी पुरुष, मग ज्युनियर मुलगे, मग त्यांच्याहून लहान मुलगे, मग पाहुण्यांचं भाषण, आणि मग आम्ही. अकरा चाळीसला. तोवर बंदोबस्त उठलेला, रस्ता वाहतुकीला मोकळा, उसाच्या ट्रॉल्या सुरू. यू-टर्नला निळा ड्रम ठेवून एक पोरगा उभा राहणार होता. आम्ही पोचलो तर पोरगाही नाही आणि ड्रमही नाही. शर्यत संपली असं समजून तो ड्रम टेम्पोत टाकून निघून गेला होता. आम्ही तिघी अंदाजाने वळलो. दोघी पार पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन आल्या. निकाल मांडवात खुर्चीवर बसून चर्चेने लागला. मी दुसरी. कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे, देव जाणे.

त्या पाचातल्या दोघीच पुढच्या वर्षी आल्या. आणि मग म्हणायचं, मुलींना आवडच नाही.

राहिलं पुरुषांच्या बंचमध्ये धावायचं. धावलेय मी. शेपटीला चिकटायचं, वारा दुसऱ्याने खायचा, चढ आला की सुटायचं, एकेचाळिसावं यायचं. त्याने पाय तयार होतात, डोकं नाही. अटॅक कधी करायचा, कोणाला पळू द्यायचं, कोण दमल्याचं नाटक करतेय, सुटलेल्या दोघींना पकडायचं काम कोणाच्या गळ्यात घालायचं, हे शिकायला आपल्याच ताकदीच्या पंचवीसजणी लागतात. रोड रेस म्हणजे एकटीने सिंहगड किती मिनिटांत चढलात ते नव्हे.

खोपोली_ते_खंडाळा

ते गृहस्थ मीच. नाव न घेता पाणउतारा केल्याबद्दल आभार.

ताई, मी नऊ वर्षं तालुक्यात शर्यत घेतो, पदरमोड करून. ॲम्ब्युलन्स, पायलट जीप, पोलीस परवानगी, टायमिंगवाले, प्रत्येक फाट्यावर दोन पोरं. वेगळा स्टार्ट म्हणजे रस्ता आणखी दीड तास अडवायचा. वरात अडकली की नवरदेवाचा मामा शिव्या मला घालतो, तुम्हाला नाही. गेल्या वर्षी बक्षीस समान केलं. आल्या सात. त्यातल्या तिघी एकाच घरातल्या, मावशी आणि दोन भाच्या. मावशी पाचव्या आल्या आणि पाकीट घेऊन गेल्या. त्यांच्या सायकलला पुढे बास्केट होती.

आणि मुलींना पाठिंबा मिळत नाही म्हणाल तर टोकियो ऑलिम्पिक आठवा. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर, गणितातली संशोधक. ना व्यावसायिक संघ, ना कोच. सुरुवातीलाच सुटली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. मागे नेदरलँड्सचा तगडा संघ हिशेब चुकून बसला. फान फ्ल्यूटन दुसरी आली आणि आपणच जिंकलो म्हणून हात वर केले. कुठला पाठिंबा होता त्या गणितवालीला?

बोपदेववाली

तीच कीझेनहोफर २०१७ला बेल्जियमच्या व्यावसायिक संघात होती. बंच म्हणजे काय हे तिथे बघून आली होती. आणि टोकियोत बायकांची वेगळी शर्यत होती म्हणून ती सुटू शकली. तुमच्या हिशेबाने तिला पुरुषांत सोडलं असतं तर आज तिचं नाव तुम्हाला माहीत नसतं.

मावशींचं म्हणाल, तर बास्केट लावून पाचव्या आल्या हे मला तर फार आवडलं. दोन भाच्या घेऊन आल्या ना? तुमच्या बावीस अंगठेवाल्यांपैकी किती जणांनी भाची आणली?

पेठेतला_काका

मुलींचं चालू द्या. पण ग्रँड टूरचा विषय काढलात म्हणून विचारतो. जानेवारी २०२६मध्ये जिल्हाभर ४३७ किलोमीटरची शर्यत झाली, तिच्या मार्गावरचे रस्ते काचेसारखे केले. चांगली गोष्ट. पण मार्ग आमच्या चौकापासून दोनशे पावलांवरून गेला. त्या दोनशे पावलांनी काय पाप केलं होतं? परदेशी पाहुण्यांच्या चाकाला धक्का लागू नये, आणि आम्ही साठ वर्षं सायकल चालवतोय तरी आमच्या मणक्यांचा हिशेब नाही. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सायकलवरून कॉलेजात यायच्या. कोणी पाठिंबा देत नव्हतं, रस्ता होता.

चेन_पडली

+१ काका. आणि गटाराची झाकणं! जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर. पंचवीस मिलिमीटरचा टायर अलगद आत. हे डिझाइन ज्याने केलं त्याला रोड बाइक देऊन त्यावरून तीनदा नेला पाहिजे.

पेठेतला_काका

झाकण रस्त्याच्या पातळीत बसवायला इंजिनियर लागतो असा आमचा गैरसमज होता. डांबर ओतलं की झाकण खाली जातं, मग ते वर काढतात, मग डांबर ओततात. गेली चाळीस वर्षं ही शर्यत चालू आहे, तिला मात्र प्रायोजक कमी पडत नाही.

नवखा_रायडर

आमच्याकडे नवा रस्ता झाला आणि पंधराव्या दिवशी केबलवाल्यांनी आडवा चर खणला. बुजवला तोही उंटासारखा.

बोपदेववाली

खड्ड्यांचा वेगळा धागा काढा ना, काका. हात जोडते.

मिरज_जंक्शन

तुम्ही सगळी पुण्याची माणसं रस्त्यावरनं भांडायलाय, आमची गाडी अजून फलाटावरच हाय.

माझी पोरगी चार वर्षं पळवतीया सायकल. राष्ट्रीयला जायचं म्हणजे काय ते बघा. सायकल खोलायची, चाकं काढायची, हँडल फिरवून फ्रेमला बांधायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची. फ्रेमच्या कडेला माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या घड्या. ते खोकं स्लीपरच्या डब्यात सीटखाली जात न्हाई, मग संडासाजवळ उभं करायचं आणि आळीपाळीनं राखण. टीसी येतो, म्हणतो ह्याचं लगेज लावा. मागल्या खेपेला मागचा गियर ज्याला अडकवत्यात त्यो हँगर वाकला, त्यो दोन हजार किलोमीटर लांब, नवख्या गावात, शर्यतीच्या आदल्या रात्री कुठं मिळायचा? दुसऱ्या राज्याच्या पोरीच्या बापानं दिला. त्या पोरीनं मग आमच्या पोरीला हरवलं, ते वेगळं.

मला बक्षिसाचं कौतुक न्हाई. पाच हजाराचं पाकीट आणि सव्वाफुटी कप. घरात कपात आता पेन-पेन्सिली ठेवल्यात. टायर द्या. बरा टायर जोडीचा काय भाव हाय माहितीय न्हवं? आठ मार्चला एका दुकानदारानं गुलाबी टी-शर्टांची रॅली काढली, पाच किलोमीटर, वर नाश्ता, ड्रोननं शूटिंग. दुसऱ्या दिवशी टायर मागाय गेलो तर म्हणाला, दादा, महिलांचं यंदाचं बजेट संपलं.

खोपोली_ते_खंडाळा

दादा, नाद खुळा. हे शंभर टक्के पटलं. गुलाबी रॅलीवाले आमचीही पोलीस परवानगी खातात. पण मग तुम्ही माझ्याच बाजूचे की. वेगळी शर्यत नको, साहित्य द्या.

मिरज_जंक्शन

कुणाच्या बाजूचा न्हाई मी. टायर घेऊन काय घराभोवती फिरवू? शर्यत पाहिजेच. पोरीला रेल्वेत खेळाडू कोट्यातनं नोकरी लागायची तर निकाल लागतो, आणि निकालाला शर्यत लागती. शेजारीपाजारी विचारत्यात, पोरगी तंग कपडे घालून पहाटं कुठं जाती. नोकरी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसं पेढं मागाय येत्यात.

डॉम_टॉवर

मी मूळची साताऱ्याची, सध्या नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला. इथल्या क्लबात बुधवारी संध्याकाळी मुलींची वेगळी शर्यत असते, कधी बारा, कधी तीस. बारा आल्या म्हणून रद्द करत नाहीत. डेमी फोलेरिंग आधी फुलांच्या दुकानात काम करायची, २०२३ची बायकांची टूर द फ्रान्स जिंकली.

आणि 'आधी मुली, मग शर्यत' हा युक्तिवाद युरोपातही चालून झालाय. १९८४ ते ८९ बायकांची टूर द फ्रान्स पुरुषांच्याच दिवसांत होत होती. मग बंद. मधली वर्षं वेगवेगळ्या नावांनी धडपड, आणि २०२२ला आठ टप्प्यांची नव्याने सुरू. मधल्या काळात बायकांचे पाय आखूड झाले होते का? पॅरिस-रूबे ही दुसरी मोठी शर्यत, ती बायकांना २०२१पर्यंत मिळालीच नाही. पहिल्या विजेतीला, लिझी डाइग्ननला, १,५३५ युरो, पुरुष विजेत्याला ३० हजार. वरचा फरक तिच्या संघाने भरला. वरच्या गटातल्या संघांतल्या मुलींना किमान पगार २०२०मध्ये बांधून दिला, वर्षाला १५ हजार युरो. २०२३ला तो ३२ हजारांवर गेला. मुली आभाळातून पडल्या नाहीत.

खोपोली_ते_खंडाळा

आली, हॉलंडची गोष्ट आली. बाई, तिथे पोरं चालायच्या आधी सायकल चालवतात आणि रस्त्याला सायकलचा वेगळा रस्ता असतो. इथे बुधवारी संध्याकाळी शर्यत लावली तर बंचमध्ये दोन म्हशी आणि एक टँकर असेल.

डॉम_टॉवर

म्हशी ड्राफ्टला बऱ्या, मागे लागलं की वारा अडतो.

पेठेतला_काका

बघा, फिरून गाडी रस्त्यावरच आली! मी म्हणत होतो.

परतीची_वाट

एवढा वेळ वाचतेय, एक गोष्ट कोणीच काढली नाही. मुलीला शिबिराला पाठवायची म्हटलं की आई आधी विचारते, सोबत बाई कोण आहे. २०२२ला स्लोव्हेनियातल्या सरावात राष्ट्रीय सायकल पथकातल्या एका मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, पथक माघारी बोलावलं, प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. त्यानंतर क्रीडा प्राधिकरणाने नियम काढला की महिला खेळाडू असतील तर सोबत महिला प्रशिक्षक हवी. त्याआधी हा नियम का नव्हता हे मला कोणी सांगेल? आणि जिल्ह्यात महिला प्रशिक्षक येणार कुठून, जर सगळ्या विशीतच सायकल विकून बसल्या? मी विकली. लग्नाच्या आधी, दिवाळीत. घेणाऱ्याने सीटची उंची वाढवली तेव्हा मी आत निघून गेले.

खोपोली_ते_खंडाळा

हे नाकारत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चेन_पडली

खड्ड्यांवरून बोललो म्हणून वर ओरडा बसला, पण ऐका. आमच्या सोसायटीतली बहीणभाऊ दोघंही रेस करायची. भाऊ खड्ड्यात पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, प्लेट बसली. बापाने बरा होईपर्यंत नवी चाकं आणून ठेवली. पुढच्या पावसाळ्यात बहीण पडली. त्याच रस्त्यावर, तेच हाड. तिची सायकल ओएलएक्सवर. फोटोत मागे भावाची सायकल दिसत होती.

बोपदेववाली

खड्ड्यांबद्दलचे माझे शब्द मागे. निम्मे.

खोपोली_ते_खंडाळा

असं सगळ्यांनी मिळून रडवायचं ठरवलंच असेल तर ऐका. संगमनेरची प्रणिता सोमण, कोल्हापूरकडची पूजा दानोळे, ह्या सायकलपटू पोरी आपल्याच मातीतून आल्या, तेव्हा होऊ शकतं हे मलाही कळतं. माझा राग 'सरकारने करावं, आयोजकांनी करावं' म्हणून घरी बसणाऱ्यांवर आहे. शर्यतीला माणूसबळ कोण देतं? कोणी नाही. पाठिंबा द्यायला पाचशे, फाट्यावर शिट्टी घेऊन उभं राहायला शून्य.

डिसेंबरच्या शर्यतीत महिलांचा स्टार्ट पहिला ठेवतो. सकाळी सहा. पूर्ण अंतर, बंदोबस्तात. पंचवीस मुली तुम्ही आणायच्या. आणि यू-टर्नला उभं राहायला, मॅडम, तुम्हीच यायचं. ड्रम घेऊन.

बोपदेववाली

पंचवीस नाही जमणार. चौदा नक्की, मावशी आणि भाच्या धरून. चौदांवर रद्द करणार असाल तर आत्ताच सांगा.

खोपोली_ते_खंडाळा

चौदा चालतील. मावशींना बास्केट काढायला सांगा, नियमात बसत नाही.

मिरज_जंक्शन

पंधरा धरा. आम्ही आदल्या रातच्या गाडीनं येतो. हँगर कुणाकडं जादा असंल तर आणा.

बोपदेववाली

हँगरचा फोटो टाका दादा, मॉडेल बघून आणते. यू-टर्नलाही मी येते. निळा ड्रम कुठे मिळतो तेवढं कोणी सांगा.

पेठेतला_काका

आमच्या चौकात आहे एक, खड्ड्यात उभा केलेला, वर झाडाची फांदी खोचून. तो मात्र नेऊ नका. दोन वर्षं झाली, लोक पत्ता सांगताना 'ड्रमपासून डावीकडे' म्हणतात.