अंग सोडतं, मेंदू धरून ठेवतो

'आठ-दहा दिवस अंगदुखी, जुलाब सोसले की अफू सुटते, पुढचं इच्छाशक्तीवर' असं वर एकांनी लिहिलंय. पहिलं अर्ध बरोबर, दुसरं पटलं नाही.

आमच्या सांगलीत गल्लीतला एकजण ट्रकवर होता. हळद घेऊन राजस्थानला जायचा, तिकडे डोड्याची (अफूच्या बोंडाच्या टरफलांची) सवय लागली. सुटून आठ महिने झाले होते. एकदा मिरज रोडला धाब्यावर बसलो, डिझेलचा वास, ट्रकची घरघर, आणि गडी लागला जांभया द्यायला. डोळ्यांतून पाणी, हातावर काटा. त्याच्या आईला कळल्यावर वाटलं पुन्हा घेतली. घेतली नव्हती!

हे नाटक नव्हे. अमेरिकेत लेक्झिंग्टनच्या व्यसनी रुग्णांच्या इस्पितळात डॉक्टर अब्राहम विकलर यांनी 1940च्या दशकातच हे टिपलं होतं: नशा सुटून महिने झालेले रुग्ण नुसता तिचा विषय निघाला तरी जांभया देत, नाक-डोळे पुसत. अफू तुटली की मेंदूच्या बुंध्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे अंगाला सावध करणारं रसायन उसळतं, आणि तो त्रास त्या जागेशी, वासाशी जोडला जातो. 2016 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांत मेंदूतली थॅलॅमस या भागाकडून न्यूक्लिअस अक्युम्बन्स या सुख-दुःखाशी जोडलेल्या भागाकडे जाणारी वाट दाखवली. ती गप्प केली की तुटण्याची लक्षणं कमी झाली.

म्हणून घरच्यांनी जांभई दिसली की झडती घेऊ नये, आधी तिथून उठवावं. आणि एक: इतक्या खंडानंतर जुन्याच मापाने घेतली तर शरीराला झेपत नाही, श्वास थांबू शकतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा.