प्लस-साइज ग्राहकांसाठी हस्तनिर्मित दागिन्यांचा व्यवसाय: मापे, मजबुती आणि किंमत कशी ठरवावी?

प्रश्न

मी बऱ्याच काळापासून हाताने दागिने करते. मण्यांच्या माळा, तारकामातली ब्रेसलेट, अंगठ्या आणि कानातले हे माझे मुख्य काम. आता ते व्यवसाय म्हणून सुरू करायचे आहे आणि तो व्यवसाय प्लस-साइज ग्राहकांसाठीच असावा, असे मी ठरवले आहे. तयार दागिन्यांत ब्रेसलेट साधारण १८ सेंटीमीटरचे आणि गळ्यातली चेन ४५ सेंटीमीटरची धरली जाते. ज्यांचे मनगट किंवा गळा या मापात बसत नाही, त्यांना "फ्री साइज" असे लिहिलेली वस्तू घ्यावी लागते आणि ती ताणून किंवा उघडी ठेवून वापरावी लागते. हे मला अन्यायाचे वाटते, म्हणूनच हा मार्ग निवडला आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. ग्राहक समोर नसताना माप कसे घ्यावे आणि त्यात किती सैलपणा धरावा? आहे तेच नमुने लांबीने वाढवले तर पुरेसे होईल का? आणि मोठ्या मापाला जास्त किंमत लावणे योग्य ठरेल का? ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपला विचार फार चांगला आहे. मापाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या व्यवसायात ग्राहक परत येणार की नाही, हे बहुतांशी तिथेच ठरते.

पहिला नियम असा ठेवा की ग्राहकाकडून नेहमी त्वचेला लागून घेतलेले माप मागायचे आणि सैलपणा आपण स्वतः धरायचा. "थोडे सैल माप पाठवा" असे सांगितले, तर ग्राहक आपल्या अंदाजाने वाढवतो, आपण पुन्हा वाढवतो आणि दागिना हातातून निसटतो. ब्रेसलेटसाठी मनगटाच्या मापात दीड ते दोन सेंटीमीटर सैलपणा सहसा पुरतो. मात्र मण्यांच्या ब्रेसलेटमध्ये मण्याची जाडीही मोजावी लागते, आणि हे पुष्कळ जण विसरतात. माळ गोल केली की मण्यांची अर्धी जाडी आतल्या बाजूला येते, त्यामुळे आतला परीघ मण्याच्या व्यासाच्या सुमारे ३.१४ पट एवढ्या लांबीने कमी होतो. मनगट २० सेंटीमीटरचे आणि सैलपणा दीड सेंटीमीटर धरला, तर ६ मिलिमीटरच्या मण्यांची माळ सुमारे २३.४ सेंटीमीटर लांब लागेल, आणि १२ मिलिमीटरच्या मण्यांची २५.३ सेंटीमीटर. मनगट तेच, तरी लांबीत जवळजवळ दोन सेंटीमीटरचा फरक पडतो.

बांगडी किंवा बंद कड्यासाठी मनगटाचे माप उपयोगाचे नाही. अंगठा तळहाताकडे दुमडून हाताचा सर्वांत रुंद भाग मोजायला सांगा आणि त्या मापाला ३.१४ने भागा. २२ सेंटीमीटर माप आले, तर आतला व्यास सुमारे ७० मिलिमीटर हवा. मनगट भरलेले पण पंजा लहान, किंवा याच्या उलट, अशा दोन्ही प्रकारचे हात असतात, म्हणून या दोन मापांपैकी एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

गळ्यातल्याबाबत आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची असते. ४५ सेंटीमीटरची जी चेन बारीक गळ्यावर गळपट्टीच्या हाडापाशी येते, तीच ४३ सेंटीमीटरच्या गळ्यावर घट्ट वेढून बसते. ग्राहकाला आरशासमोर उभे राहून जाड दोरा मानेमागून हवा तिथपर्यंत लोंबू द्यायला आणि मग तो दोरा मोजायला सांगावे. पदक ५ सेंटीमीटर खाली आणायचे, तर चेनची लांबी साधारण १० सेंटीमीटरने वाढवावी लागते. भरलेल्या छातीवर लांब माळ नेमकी उंचवट्याच्या टोकाशी संपली, तर ती अंगावर न टेकता झुलत राहते. ती उंचवट्याच्या वर थांबवावी किंवा बरीच खाली न्यावी.

आता दुसऱ्या शंकेविषयी. नुसती लांबी वाढवून भागत नाही. ४५ सेंटीमीटरच्या माळेत पुढे पाच नक्षीचे मणी असतील आणि मागे साधी साखळी जोडून तुम्ही ती ६० सेंटीमीटरची केली, तर नक्षी गळ्याच्या मध्यभागी गोळा झालेली दिसते आणि दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. नक्षीचा भाग एकूण लांबीच्या प्रमाणात वाढायला हवा, पदकाचा आकारही त्यासोबत पाहायला हवा. म्हणून नमुना मोठ्या मापावरच प्रथम आखा आणि लहान मापासाठी त्यातून कमी करा. माझ्या मते तुमच्या व्यवसायाचे वेगळेपण सर्वांत जास्त इथेच दिसेल.

प्रतिसाद २

मापाबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी मजबुतीची बाजू मांडते.

माळ लांब झाली की वजन वाढते आणि तो सगळा ताण जोडकड्यांवर येतो. हलक्या कामात ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेची जंप रिंग, म्हणजे दागिन्याचे भाग जोडणारी छोटी कडी, चालते. वजनदार माळेला किमान १ मिलिमीटरची वापरावी, आणि शक्य असेल तिथे कडीचे तोंड डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, बंद करावे. मणी ओवायची पोलादी तार ७, १९ आणि ४९ पदरांत मिळते. पदर जितके जास्त, तितकी ती लवचीक असते आणि मुडपून तुटण्याचा धोका कमी होतो. लांब माळांसाठी मी ४९ पदरीच सुचवेन.

इलास्टिकवर व्यवसाय उभा करू नका. लहान मापाचे इलास्टिक ब्रेसलेट मोठ्या मनगटावर चढते खरे, पण ते सतत ताणलेले राहते, त्वचेवर वळ उठवते आणि लवकर तुटते. इलास्टिक वापरायचेच असेल, तर तेही पूर्ण मापाचे करा, म्हणजे ताण फक्त हात आत घालतानाच पडेल.

दागिन्याची दोन टोके जोडणारा बंद कसा असावा, याचा विचार पुष्कळदा राहून जातो. मानेमागे हात नेऊन छोटा हूक लावणे अनेकांना अवघड जाते. मोठा हूक, पुढच्या बाजूला येणारा बंद, किंवा डोक्यावरून सहज घालता येईल इतकी लांब माळ, हे तिन्ही उपाय चांगले आहेत. ब्रेसलेटला आडव्या दांडीचा बंद, म्हणजे एका टोकाची दांडी दुसऱ्या टोकाच्या कडीत अडकवायचा बंद, सोयीचा असतो, पण त्याच्या शेजारचे दोन-तीन मणी लहान ठेवा, नाहीतर दांडी कडीतून पार होत नाही. आणि ब्रेसलेट फार सैल असेल, तर असा बंद आपोआप निसटतो. चुंबकी बंद वापरलात, तर पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी तो टाळावा, असे वस्तूसोबत स्पष्ट लिहा.

अंगठ्यांबाबत एवढेच सांगते की बोटे उन्हात आणि दिवसाच्या शेवटी फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यायला सांगावे. रुंद पट्टीच्या अंगठीला अरुंद अंगठीपेक्षा परिघात साधारण १ मिलिमीटर जास्त धरा आणि आतली कड गोलसर करा. बोट मांसल असेल तर सपाट कड रुतते. कानातल्यांना परिघाचा प्रश्न नसतो, पण कानाची पाळी जाड असेल, तर नेहमीच्या लांबीच्या दांडीवर फिरकी घट्ट दाबली जाते आणि कान दुखतो, म्हणून थोड्या लांब दांडीचा पर्याय ठेवा. लोंबते कानातले करताना कानापासून खांद्यापर्यंतचे अंतर विचारायला विसरू नका.

आणखी एक गोष्ट धातूची. दागिना त्वचेला जास्त लागून राहतो, तिथे घाम साचतो आणि निकेलची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होतो. युरोपीय संघाच्या नियमांत त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या जागी घालायच्या दांडीसाठी ही मर्यादा ०.२ आहे. तुम्ही कुठेही विकत असलात, तरी माल घेताना पुरवठादाराला या कसोटीबद्दल विचारणे योग्य ठरेल. टायटॅनियम आणि नायोबियम हे धातू दांड्यांसाठी सुरक्षित पर्याय आहेत.

प्रतिसाद ३

किंमतीबद्दल माझे मत ठाम आहे. मण्यांच्या कामात सगळ्या मापांना एकच किंमत ठेवा. ८ मिलिमीटरच्या मण्यांचे ब्रेसलेट १८ऐवजी २३ सेंटीमीटरचे केले, तर सहाच मणी जास्त लागतात. बंद, शेवटची जोडणी, वेष्टन, छायाचित्र आणि तुमचा बहुतेक वेळ तेवढाच राहतो. आयुष्यभर "मोठे माप, जास्त पैसे" हे ऐकत आलेल्या ग्राहकाला तेच पुन्हा ऐकवायचे असेल, तर स्वतंत्र व्यवसायाची गरजच उरत नाही. फक्त खर्चाचा हिशेब लहान मापावर करू नका. तुमची बहुतेक विक्री मोठ्या मापांची असणार, त्यामुळे त्याच मापाचा माल धरून किंमत काढा, म्हणजे तोटा होणार नाही.

सुरुवातीला नमुने थोडे ठेवा आणि मापे भरपूर ठेवा. चार-पाच नमुने सर्व मापांत देता येणे, हे वीस नमुने दोन मापांत देण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. पूर्ण तयार माल साठवण्याऐवजी नक्षीचे भाग करून ठेवा आणि मागणी आल्यावर लांबी पूर्ण करा. पहिल्यांदा माप चुकले, तर माळ विनामूल्य पुन्हा ओवून देण्याची तयारी ठेवा आणि तो खर्च आधीच किमतीत धरा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरच्या मताशी मण्यांपुरता मी सहमत आहे, चांदीच्या बाबतीत नाही. भरीव चांदीच्या कड्यात धातूची किंमत हाच मोठा वाटा असतो, आणि एकच किंमत लावली तर लहान मापाचा ग्राहक मोठ्याचा भार उचलतो, किंवा तुम्हीच तो सोसता. अशा वस्तू सर्वांसाठी वजनावर विकाव्यात आणि वजन व घडणावळ वेगवेगळी दाखवावी. नियम सगळ्यांना सारखा असला, तर त्यात कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मण्याच्या जाडीचा हिशेब मी आजवर केवळ अंदाजाने करत आले होते, आता तो लिहून ठेवीन. मण्यांना एक किंमत आणि चांदी वजनावर, ही विभागणी मला पटली. एक शेवटची शंका आहे: वस्तूचे वर्णन लिहिताना कोणते शब्द वापरावेत, म्हणजे ग्राहकाला आपण वेगळे काढले जात आहोत असे वाटणार नाही?

प्रतिसाद २ (पुन्हा)

विशेषणे कमीत कमी वापरा आणि आकडे जास्तीत जास्त द्या. "मनगट १९ ते २१ सेंटीमीटर" असे लिहिले की कोणालाही स्वतःला लहान किंवा मोठ्या गटात बसवावे लागत नाही. "यामुळे सडपातळ दिसाल", "हे लपते, ते झाकते" अशी वाक्ये कधीही लिहू नका. दागिना शरीर लपवण्यासाठी नसतो. छायाचित्र त्याच मापाच्या व्यक्तीच्या अंगावर काढा आणि खाली तिच्या गळ्याचे माप व माळेची लांबी दोन्ही द्या. एकच माळ तीन वेगवेगळ्या गळ्यांवर दाखवता आली, तर फारच चांगले, कारण ती आपल्याला कुठपर्यंत येईल, हे ग्राहकाला न विचारताच कळते. मागणी नोंदवण्याच्या अर्जात मापाचा रकाना रिकामा ठेवा, तिथे ठरावीक पर्यायांची यादी देऊ नका, म्हणजे शेवटच्या पर्यायापुढचे माप असलेली व्यक्तीही ते निःसंकोच लिहू शकेल.