मदत हवी: जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला गिअर टाकताना कर्र कर्र आवाज

कागलकर_शेती:
गिअर टाकला की कर्र्र आवाज येतोय. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळीकडं तेच. जोर लावला तर पडतो, पण दात खातोय असं वाटतं. क्लच प्लेट नवीन आहे, त्यामुळं तो प्रश्न नाही. ऊसतोडीची टोळी दोन दिवसांत फडात उतरणार. गिअरबॉक्स खोलायचा का? लवकर सांगा.

लोखंड्या:
फर्ग्युसन म्हणजे ३५ मॉडेल की १०३५? क्लच सिंगल की ड्युअल? इंजिन बंद असताना गिअर पडतात का? हे न सांगता थेट गिअरबॉक्स खोलायचा?

गूळगुऱ्हाळ:
खोलायची काय गरज नाही. तेल काढा आणि १४० नंबर घाला. जुन्या बॉक्सला जाड तेलच लागतं, आवाज गप्प.

वारणाकाठ:
१४० अजिबात घालू नका. या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, मागचा हौदा (मागच्या अॅक्सलचा भाग) आणि हायड्रॉलिक पंप, सगळ्यांना एकच तेल आहे. जाड तेल पंपाला ओढायला जड जातं, लिफ्ट मंदावते. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घाला.

गूळगुऱ्हाळ:
कोल्हापुरात काय बर्फ पडतोय का तेल गोठायला? १४० नं आवाज दबतो म्हणजे दबतो.

लोखंड्या:
दबतो, बरा होत नाही. शिवाय क्लच कोरडा असतो, गिअरबॉक्सच्या तेलात नसतो. तो नीट सुटत नसेल तर जाड तेलानं सुटणार नाही.

जुनं_सोनं:
मूळ रंग आहे का? ३५ ला लाल पत्रा आणि करडं इंजिन असायचं. कागदं असतील तर नवा रंग मारू नका, हौशी लोक मूळ रंगालाच पैसे मोजतात.

कागलकर_शेती:
विकायचा नाही ओ. १०३५, ड्युअल क्लच. इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडतात. तेलात पाणी नाही, लेव्हल बरोबर आहे. आणि प्लेट नवीन आहे हे वर लिहिलंय.

उद्यमनगर_फिटर:
इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात ना? मग गिअरबॉक्सला हात लावू नका. सिलेक्टर, फोर्क, रेल या गिअर सरकवणाऱ्या भागांतलं काही अडलं असतं तर बंद इंजिनवरही अडलं असतं. क्लच पूर्ण सुटत नाही, शाफ्ट फिरतच राहतो, आणि हा बॉक्स सिंक्रोमेशचा (दातांचा वेग आपोआप जुळवणारा) नाही, त्यामुळं फिरत्या दातात थांबलेले दात घुसवताना कर्र होतं.

आता नवीन प्लेटबद्दल. प्लेट झिजत जाते तशी पेडलची फ्री प्ले (क्लच दाबला जाण्याआधीची मोकळी चाल) कमी होते. नवी, जाड प्लेट बसली की क्लच सोडवणाऱ्या फिंगर पेडलनं सरकणाऱ्या बेअरिंगपासून लांब जातात आणि फ्री प्ले वाढते. ती पुन्हा सेट केली नाही तर पेडलची निम्मी चाल हवेतच जाते. म्हणजे प्लेट नवीन आहे म्हणूनच क्लच आधी बघायचा.

पेडल हातानं दाबा, बेअरिंग टेकेपर्यंत किती चाल जाते ते पट्टीनं मोजा. साधारण २० ते २५ मिमी हवी. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

मग पीटीओची, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची चाचणी. पीटीओला काही जोडू नका, मागं कुणी उभं राहू नका. इंजिन सुरू, पीटीओ चालू, पेडल तळापर्यंत. ड्युअल क्लचला पहिल्या टप्प्यात चाकांची ताकद तुटते, दुसऱ्यात पीटीओ थांबतो. तळाला नेऊनही पीटीओ फिरत राहिला तर चाल कमी पडतेय, पेडलच्या लिंकेजची सेटिंग करा. पीटीओ थांबला आणि दहा सेकंद थांबूनही कर्र येत असेल तर प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) अडकतेय, वाकलीय, किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम आहे. जाम बेअरिंग क्लच दाबला तरी शाफ्टला सोबत फिरवतं. तेव्हाच ट्रॅक्टर मधून फोडायचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे.

वारणाकाठ:
फोडायची वेळ आली तर पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर आधी ठोका. नाहीतर बोल्ट काढल्यावर इंजिन एका बाजूला कलंडतं. नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. आणि तीनही फिंगरची उंची सारखी आहे का ते तेव्हाच बघा, एक जरी कमी असली तरी प्लेट तिरकी सुटते.

गूळगुऱ्हाळ:
एवढं कशाला, टॉप गिअर टाकून, पेडल दाबून, ब्रेक मारत मोकळ्या रानात सुरू करा. प्लेट सुटते.

उद्यमनगर_फिटर:
तो उपाय गंजून फ्लायव्हीलला चिकटलेल्या प्लेटचा, आणि तोही जोखमीचा. इथं प्लेट चिकटलेली नाही. क्लच सुटला नाही तर ट्रॅक्टर सुरू होताक्षणी पुढं उडी मारेल.

कागलकर_शेती:
फ्री प्ले सव्वादोन इंच निघाली. पीटीओ थांबत नव्हता. सेटिंग करून २५ मिमीवर आणली, आता पीटीओ थांबतो आणि गिअर गुपचूप पडतात. रिव्हर्सला थोडा आवाज आहे. पण दुसरा गिअर ट्रॉली ओढताना सुटतो. हे पण क्लचनंच का?

लोखंड्या:
हे आधी सांगायचं ना राव!

उद्यमनगर_फिटर:
रिव्हर्सला पेडल दाबल्यावर तीन-चार सेकंद थांबून टाका, चालत्या ट्रॅक्टरवर नाही. दुसरा सुटतो तो वेगळा आजार. गिअर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग कमजोर झालीय, रेलवरची खाच झिजलीय किंवा फोर्क घासलाय. स्प्रिंग स्वस्त आहे, पहिलं तेच बदला. दाताची कड गोल झाली असेल तर मात्र गिअरच बदलावा लागेल.

वारणाकाठ:
तोवर भरलेली ट्रॉली उताराला दुसऱ्यात आणू नका. गिअर सुटला की इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा ऊस मागून ढकलतो. पहिल्यातच उतरा.

कागलकर_शेती:
स्प्रिंग उद्यमनगरात सुटी मिळेल का अख्खा सेट घ्यावा लागेल?

उद्यमनगर_फिटर:
सुटी मिळते. जुनी सोबत न्या, लांबी आणि तारेची जाडी जुळवून घ्या. गोळी पण बदला.