फुल बॉडी चेकअपमध्ये कॅन्सर मार्कर हवेत का?

मुक्ता: वहिनीने फुल बॉडी चेकअप केलं. पॅकेजमध्ये सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर म्हणून रक्तात बघतात ती तपासणी, आपोआपच होती. आकडा आला ६८, शेजारी ठळक अक्षरात 'नॉर्मल ३५ पर्यंत'. तीन आठवडे घरात कुणाला धड घास गेला नाही. सोनोग्राफी, एमआरआय, आणि निघालं काय, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, कॅन्सर नव्हे). माझं मत: काही त्रास नसताना हे मार्कर करूच नयेत.

वऱ्हाडी ठेचा: अहो, पण दुखणं सापडलं ना! आमच्या काकांचं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचा मार्कर, १९ निघालं, लघवीची काही तक्रार नव्हती. बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आज शेतात जातात. तीन आठवड्यांची झोप गेली तर गेली.

लॅबवाला: पीएसए आणि सीए-१२५ एका तागडीत घालू नका. पीएसए सरसकट करावं का, यावर वाद तरी चालू आहे. (१९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अँटिजेनवर काम करणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन स्वतःच सरसकट तपासणीच्या विरोधात उभे राहिले, हा त्यातला गमतीचा भाग.) सीए-१२५ ची मात्र ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. पोटाच्या टीबीतही हा आकडा शेकड्यांत जातो. सीईए मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा म्हणतात, पण बिडी ओढणाऱ्याचाही वाढलेला असतो. सीए १९-९ स्वादुपिंडाचा, तो पित्तनलिकेत खडा अडकला तरी उसळतो. आणि काही लोकांच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी काय उपयोग?

वऱ्हाडी ठेचा: मग विकता कशाला?

लॅबवाला: पॅकेज मालक ठरवतो, मी नळ्या भरतो. पण कॅन्सरचं निदान झाल्यावर याच तपासण्या सोन्याच्या. आतड्याच्या ऑपरेशननंतर उतरलेला सीईए पुन्हा चढू लागला, तर डॉक्टर लगेच सीटी सांगतात.

शुभदा_सांगली: ह्यांना हेपॅटायटिस बी आणि सिरॉसिस. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरचा मार्कर) असतं. तेही फुकाचंच का?

लॅबवाला: छे, ते अजिबात चुकवू नका ताई. यकृताच्या कॅन्सरचा धोका माहीत आहे म्हणून ती पाळत आहे.

मुक्ता: ठेचाभाऊ, एक सांगायचं राहिलं. वहिनीला पाळीत बारा वर्षं असह्य दुखतं. 'त्रास नाही' असं मीच वर लिहिलं, कारण ती कधी बोललीच नाही आणि चेकअपमध्येही कुणी विचारलं नाही.

वऱ्हाडी ठेचा: शेवटी विचारायला लावलं कुणी? त्या ६८ नेच ना!