हार्डवेअर सिंथचा आवाज लगेच रेकॉर्ड करावा, की मिक्सिंगपर्यंत मिडीतच ठेवावा?

धागाकर्ता :
घरच्या स्टुडिओत एखादाच हार्डवेअर सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारे प्रत्यक्ष वाद्य, म्हणजे सिंथेसायझर) आणि बाकी सारे संगणकात चालणारे सॉफ्टवेअर सिंथ असतील, तर हार्डवेअरवरचा भाग पक्का होताच तो ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करावा आणि मिडी नोंद (आवाज नव्हे, तर कोणता स्वर केव्हा वाजवायचा याच्या सूचना) सोबत जपून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. कॉर्ग मिनिलॉगसारखे वाद्य एका वेळी एकच पॅच, म्हणजे नॉब लावून घडवलेला एकच आवाज, वाजवते. बेस (खालचे स्वर), पॅड (मागे लांबत राहणारे कॉर्ड) आणि लीड (मुख्य धून) हे तिन्ही त्याच्यावरच हवे असतील, तर आधीचा भाग रेकॉर्ड झाल्याखेरीज ते पुढच्या भागासाठी मोकळे होत नाही. १९७० च्या मूळ मिनीमूगमध्ये तर पॅच साठवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे नॉब हलले की तोच आवाज नेमका पुन्हा मिळवणे कठीण. सॉफ्टवेअर सिंथ प्रोजेक्ट उघडताच पूर्ववत मिळतो, म्हणून त्याची घाई नाही.

प्रतिसाद १ :
मी पूर्णपणे असहमत आहे. ड्रम आणि गायन येण्याआधीच सिंथचा फिल्टर (आवाजातील काही कंपने गाळणारा भाग) किती उघडा असावा हे ठरवून टाकणे घातक आहे. रचना करताना सॉफ्टवेअर पर्याय वापरावा आणि गाण्याचा आराखडा स्थिरावल्यावर खरे वाद्य जोडावे. यामाहा डीएक्स७ या हार्डवेअर सिंथच्या जागी मोफत मिळणारा डेक्स्ड हा सॉफ्टवेअर सिंथ घेतला, तर तेच पॅच दोन्हीकडे चालतात. क्यूबेस आणि एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बाह्य वाद्य थेट मिक्सर चॅनेलवर घेण्याची सोयही आहे.

धागाकर्ता :
त्या सोयीत वेळेचा प्रश्न उरतो. पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असल्याने एका स्वराचा संदेश जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, त्यावर सिंथच्या स्वतःच्या प्रक्रियेचा वेळ आणि ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपलचा बफर (संगणक आवाज हाताळण्याआधी साठवतो तो तुकडा) धरला तर आणखी ५.३ मिलिसेकंद. प्लगइनच्या (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमच्या) विलंबाची भरपाई संगणक करतो, पण सिंथच्या आतील विलंब त्याला कळत नाही. रेकॉर्ड केलेली लहर मात्र हाताने तालावर सरकवता येते.

प्रतिसाद १ :
तो विलंब मोजता येतो. चटकन उठणारा पॅच ठोक्यावर वाजवून रेकॉर्ड करावा, लहर किती मागे पडली ते पाहावे आणि तेवढा आकडा ट्रॅकच्या सेटिंगमध्ये भरावा. बफर किंवा जोडणी बदलली तरच पुन्हा मोजावे लागते. एवढ्यासाठी लगेच रेकॉर्ड करण्याची गरज नाही.

प्रतिसाद २ :
तुम्हा दोघांच्या चर्चेत घरगुती विजेचा मुद्दा राहिला. यूएसबी आणि ऑडिओ केबल दोन्ही एकाच संगणकाला जोडलेल्या असल्या की अनेकदा ग्राउंड लूप (दोन केबलींच्या ग्राउंड तारांमधून विजेचे बंद वर्तुळ) तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. बेसचा खालचा जी स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणून ती गुणगुण फिल्टरने काढू गेल्यास बेसही पातळ होतो. पाच पिनांच्या मिडीत ऑप्टो-आयसोलेटर (तारेऐवजी प्रकाशाने संदेश पुढे देणारा भाग) असल्याने त्या वाटेने हा लूप जुळत नाही. शक्य तिथे तीच केबल वापरावी. मूळ वादात मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, मात्र रेकॉर्डिंग रिव्हर्बविना (घुमण्याच्या परिणामाविना) आणि फिल्टर गरजेपेक्षा थोडा उघडा ठेवून करावे, कारण तो नंतर प्लगइनने बंद करता येतो. बंद फिल्टरने गाळलेला आवाज मात्र परत मिळवता येत नाही.

प्रतिसाद १ :
हा उपाय एकस्वरी भागांपुरताच खरा आहे. मिनिलॉगमध्ये एका वेळी वाजणाऱ्या चारही स्वरांना स्वतंत्र फिल्टर आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग) आहे. एकामागून एक दाबलेल्या स्वरांचे फिल्टर आपापल्या क्षणी उघडतात आणि मिटतात. रेकॉर्ड झाल्यावर प्लगइनचा एकच फिल्टर संपूर्ण कॉर्डवर बसतो आणि ती हालचाल सपाट होते.

धागाकर्ता :
पॅडपुरते हे मला मान्य आहे, तिथे मिडी शेवटपर्यंत ठेवीन आणि मिक्सिंगच्या वेळी तो भाग पुन्हा वाजवून घेईन. बेस आणि लीड मात्र मी त्याच बैठकीत रेकॉर्ड करणार, कारण ते रेकॉर्ड झाल्याशिवाय हे वाद्य पॅडसाठी मोकळेच होणार नाही.