प्रवासातली स्वच्छतागृहं : तुमचे अनुभव सांगा

शेवंता:
काल आईला घेऊन एसटीने कोल्हापूरहून पुण्याला आले. आई ७४ वर्षांची. सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाटली पुढे केली तर म्हणे, "नको गं, वाटेत कुठे जायचं?" गाडी हॉटेलवर थांबली तिथे बायकांच्या बाजूला कडी तुटलेली, आत बादली नाही, फरशीवर पाण्याचं तळं. मी बाहेरून दार धरून उभी, आई आत एका हाताने निऱ्या वर धरून, दुसरा हात भिंतीला. गुडघे वाकत नाहीत तिचे.

तेव्हा एकदम जपान आठवलं. २०१८ला क्योटोच्या स्टेशनात गेले होते. आत कोपऱ्यात भिंतीला बाळाला बसवायची छोटी खुर्ची, पट्ट्यासकट. म्हणजे आईचे हात मोकळे. सीट कोमट. आणि एक बटण, दाबलं की नुसता पाण्याचा आवाज येतो. बायका लाजेपोटी सारखा फ्लश ओढायच्या, पाणी वाया जायचं, म्हणून ही सोय. 'ओतोहिमे' म्हणतात त्याला. बाईच्या अडचणीचा कुणी इतका बारीक विचार केलाय हे बघून गळा दाटून आला होता.

तुम्ही कुठे काय पाहिलंत?

मुळशीकर:
जर्मनीत हायवेवर ७० सेंट टाकायचे, फिरतं दार उघडतं, ५० सेंटचं कूपन हातात. ते तिथल्याच दुकानात चालायचं. आता १ युरो झालाय. लहान मुलांना शेजारी बुटकं दार, फुकट. सीट स्वतःच गोल फिरून पुसली जाते, आमचा धाकटा तेच बघत बसला होता. बाकी रात्री लिहितो, मीटिंग आहे.

रानजाई:
शेवंता, काकूंचं वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाई तर प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायच्या. शेवटी लघवीचा संसर्ग, चार दिवस सलाइन. काकूंना आज भरपूर पाणी द्या हो.

पोफळी:
अमेरिका. एवढा श्रीमंत देश आणि संडासाच्या दाराला दोन्ही बाजूंनी फटी! बाहेर रांगेतल्या बाईशी नजरानजर झाली माझी. वर नुसता कागद. पर्समध्ये रिकामी बाटली असते कायम, बेसिनवर भरून न्यायची.

बोरू:
@पोफळी फिनलंडला या. इथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बेसिनच्या नळाला जोडलेला हँडशॉवर असतो. पहिल्या दिवशी तो पाहिला आणि आईला फोन करून सांगितलं, तिचा अर्धा घोर गेला.

पोफळी:
खरंच?? आणि थंडी किती तिकडे आत्ता? भाचीला तिथे ॲडमिशन मिळतेय.

बोरू:
व्यक्तिगत निरोप पाठवते ताई.

निळाई:
पॅरिसला रस्त्यावर स्वयंचलित खोल्या आहेत, २००६ पासून फुकट. एक जण बाहेर आला की दार लागू द्यायचं, आख्खी खोली आतून धुऊन निघते, मग हिरवा दिवा. माझी लेक पाच वर्षांची, तिला अज्जिबात धीर नव्हता. मागच्या आजीबाईंनी तिला हाताने आकडे मोजायला शिकवत थोपवून धरलं. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती.

वाटसरू:
टोकियोत योयोगीजवळच्या बागेत वास्तुविशारद शिगेरू बान यांनी काचेची स्वच्छतागृहं बांधलीत, २०२०ची. बाहेरून आतली स्वच्छता दिसते, कडी लावली की काच धूसर.

चाफेकळी:
मी मुंबईत रोज लोकलने, सकाळी ७.१० ते रात्री ८. स्टेशनबाहेर पुरुषांना मुतारी फुकट, आमच्याकडून पाच रुपये. शेजारी भाजी विकणाऱ्या मावशी दिवसातून एकदाच जातात, पैसे परवडत नाहीत म्हणून. याच गोष्टीसाठी २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली होती, मीही सह्या गोळा केल्यात. अजून पैसे घेतातच. परदेशाचं वाचून बरं वाटतं, पण राग जास्त येतो.

रानजाई:
+१. पुण्यात जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं केली २०१६ला. मी वापरलीये, आत बाळाचे कपडे बदलायलाही जागा होती.

शेवंता:
आईला सगळं वाचून दाखवलं. बाळाच्या खुर्चीचं दोनदा विचारलं तिने. चाफेकळी, मावशींचं ऐकून गप्पच झाली. रविवारी तिला परत सोडायला जायचंय, यावेळी गाडी करून. कराडच्या अलीकडे बरी जागा आहे का कुठे?

मुळशीकर:
हॉटेलांपेक्षा मोठे पेट्रोल पंप बघा. बायकांच्या बाजूला कुलूप दिसलं तरी परत फिरू नका, किल्ली केबिनमध्ये असते. मागायची.