'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू: दुरुस्त वेगात ऐकावी की जुन्या?

तबकडीवाला
जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या या १९५९च्या अल्बमची पहिली बाजू १९९२पर्यंत चढ्या सुरातच वाजत राहिली. २ मार्चला न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं मुख्य थ्री-ट्रॅक यंत्र (तीन मार्गांत आवाज वेगवेगळा टिपणारं) किंचित संथ चाललं होतं. अशी टेप योग्य वेगात वाजवली की सूर चढतो, लय पळते. म्हणून 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' चढे. २२ एप्रिलची दुसरी बाजू ठीक. जोडीच्या यंत्रावरची राखीव टेप बरोबर होती, १९९२ची दुरुस्त आवृत्ती तिच्यावरूनच निघाली. नव्या श्रोत्याला जुनी आवृत्ती देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

खर्ज
अजिबात पटलं नाही. फरक सुमारे सव्वा टक्का, म्हणजे २१ सेंट. अर्धा स्वर १०० सेंटचा असतो. तेवढ्यासाठी काय गमावलं ते बघा. राखीव टेपही थ्री-ट्रॅकच, त्यामुळे मिक्स, म्हणजे तिन्ही मार्गांच्या आवाजांची एकत्र जुळणी, नव्याने करावं लागलं. ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन आणि पियानो यांचा १९५९मध्ये ठरलेला तोल त्यात राहत नाही. मला तो तोल जास्त मोलाचा वाटतो.

तबकडीवाला
२१ सेंट कमी नाहीत. 'सो व्हॉट'बरोबर ट्रम्पेटवर डी डोरियन (या रचनेची मूळ स्वरमालिका) वाजवायला घ्या: ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) जवळपास ९ मिलिमीटर आत ढकलावी लागते. स्लाइड मुळात सेंटिमीटरभरच बाहेर असेल तर पुढे जागाच उरत नाही. पियानोवाल्याला तर तोही मार्ग नाही. शिवाय नऊ मिनिटांत सात सेकंद जातात, बेसवादक चेंबर्सचा बेस उगाच घाईत वाटतो.

रीड४४०
एलपी असेल तर घरीच पडताळा. आधी दुसरी बाजू लावा आणि ट्यूनर पियानोच्या लांब धरलेल्या स्वरावर धरा. बेसवर नको, तिथे बोट सरकतं. टर्नटेबलचा पिच (वेग कमी-जास्त करायची कळ) ती बाजू जुळेल असा ठेवा आणि त्याला हात न लावता पहिली बाजू वाजवा. किती चढी आहे ते तिथेच दिसेल.

खर्ज
दोन सत्रांमध्ये सात आठवड्यांचं अंतर आहे. मध्ये पियानो पुन्हा लावला असेल तर तुमचं शून्यच हललं.

रीड४४०
हललं तरी दोन-चार सेंट, वीस नव्हे.

मंद्रसप्तक
आपल्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचाही हाच घोळ आहे. भरणीचा नेमका वेग ठाऊक नसला की गायकाची पट्टी अंदाजानेच धरायची. इथे दुसरी टेप हा धडधडीत पुरावा आहे, तेव्हा सूर दुरुस्तच हवा. पण जुनं मिक्स टाकायचं कशाला? १९९२पूर्वीची आवृत्ती घ्या आणि वेग ०.९८८ पट करा. टर्नटेबलवर पिच उणे १.२ टक्के. संगणकावर 'वेग' बदला, 'पिच' (तिथे नुसता सूर) नव्हे: नुसता पिच उतरवला तर लय तशीच पळती राहते, वर ड्रमवादक कॉबच्या सिंबलचे ठोके फिसकटतात.

खर्ज
हे मान्य, मिक्स शाबूत राहतं. फक्त पहिल्या तीनच ट्रॅकना लावा. सरसकट अख्ख्या अल्बमला लावलं तर 'ऑल ब्लूज' २१ सेंट खाली बसेल.